चार पहिले अंक

तिस्कावर कुस्तोदच्या दुकानात
लॉटरीची तिकिटं, मेणबत्त्या, वह्यांची कव्हरं,
आणि त्यांच्यामागे दोरीला चिमट्यांनी टांगलेले
या महिन्याचे चार नवे नायक.
चारही पहिले अंक. मी चारही घेतले.
कुस्तोद म्हणाला, बाब, तुझ्या पोराची मजा आहे.
मला पोर नाही. मी सुटे मोजत राहिलो.

'वज्रांकुर'पासून सुरुवात, कारण मुखपृष्ठ त्याचंच चकचकीत,
बोट लावलं की ठसा उठतो.
पान तीन: बाप मेला. पान पाच: आई.
सहाव्या पानावर गुरू भेटला, आठव्यावर तोही गेला.
अरे, जरा दम धरा.
माणूस मारायचा तर आधी त्याला
एकदा तरी जेवताना दाखवा.

'समुद्रदंड'ची चित्रं सुरेख. पाणी तर असं
की पान तिरकं धरलं तर सांडेल.
पण हा गडी खाजनातल्या मानशीची दारं
ऐन भरतीला उपटून काढतो, दोन्ही हातांनी,
आणि गाव टाळ्या वाजवतं!
कोणतं गाव? दुर्भाटला येऊन विचारा.
भरती आली की ती दारं आपली आपण मिटतात,
त्याला कुणाचे दंड लागत नाहीत.
उपटलीस, की खारं पाणी शेतात, आणि बस भाताची वाट बघत.
खलनायक कोण ते पुढच्या अंकात कळेल म्हणे.
मला याच अंकात कळलं.

तिसरा 'तडितराज'.
इथे मी जरा हळू बोलतो.
खांबावर चढलेला एक साधा माणूस,
वर ढग, तार तुटते, निळा लोळ,
आणि उलटलं की पूर्ण पानभर तो हवेत,
केस उभे, छातीवर चिन्ह, डोळ्यांतून उजेड.
निळा रंग बरोबर आहे. तो मी ओळखतो.
एकोणीस वर्षं वीज खात्यात लाइनमन आहे.
कुर्टीच्या वळणावर सगुणच्या हातातून अकरा हजार गेली,
फीडर बंद आहे असं फोनवर सांगितलं होतं.
तो उडाला नाही.
पट्ट्याला लटकत राहिला. एक बूट खाली पडला,
तो उचलून मी छातीशी धरून उभा होतो,
का, ते अजून ठाऊक नाही.
चिन्ह त्यालाही मिळालं, खांद्यापासून कोपरापर्यंत,
सुरकुतलेलं, गुलाबी. उजव्या हाताची तीन बोटं गेली.
रंगाला दहापैकी आठ. कथेला दोन.

उरली 'रात्रपाळीची बाई'. नावातच मार खाल्ला.
कागद वर्तमानपत्री, शाई हाताला लागते,
नायिकेचे कान दर चौकटीत वेगळ्या उंचीवर.
ताकद काय, तर गावात जे फोन कुणी उचलत नाही
ते सगळे तिला ऐकू येतात. बस्स.
वीस पानं खुर्चीत बसून असते,
एकविसाव्यावर उठते, चहा गार,
आणि चालत निघते. कुठे, ते नाही.
कुस्तोदकडे चार प्रती आल्या, तीन अजून लटकताहेत.

सगुण आता तक्रार कक्षात रात्री बसतो.
सावईवेरे, बेतोडा, मधूनच कोण तरी रडणारं,
'लाइट केन्ना येतली?'
'मनीस धाडल्यात, बाय. मातशें राव.'
मी चारही अंक त्याच्या टेबलावर टाकले.
'तडितराज'ला तो इतका हसला
की खोकला थांबेना, मी पाणी दिलं.
चौथा मात्र उरलेल्या दोन बोटांनी, पान पान,
मध्ये फोन घेत, पुन्हा मागं जात.
मग म्हणाला, 'फुडलो अंक केन्ना?'

मी आजवर दुसरा अंक कधी विकत घेतलेला नाही.
दुसऱ्या अंकात नायकाला शत्रू मिळतो, नायिकेला कंबर,
आणि किंमत दहा रुपयांनी वाढते.
कुस्तोदला सांगून ठेवलंय. दोन प्रती.
आणि चित्रकाराला कुणी भेटलं तर सांगा,
कान तेवढे नीट काढ, बाबा,
गोष्टच कानांची आहे.