चार अनाथ

ओउलूच्या वाचनालयाच्या तळघरात, दर गुरुवारी,
आम्ही चौघे अनाथ जमतो.
आईबाप पहिल्याच पानावर मारून टाकायचे,
म्हणजे पुढे कुणी त्यांना ओलीस धरत नाही.
राउनोने तर अकरा पानं लिहून आणलेली:
जळालेलं गाव, शाप, गालावरचा वण.
तूलिक्कीने ती वाचलीच नाहीत.
खेळ ती चालवते. पुठ्ठ्याआडून एवढंच म्हणाली,
"नावाडी तुझ्या दोराकडे बघतोय.
विचारतोय, ही गाठ कुणी शिकवली?"

अकरा पानांत गाठ नव्हती.
राउनोने फासा उचलला.
"याला फासा नाही," ती म्हणाली.
मग त्याचे हात हवेतच काही बांधू लागले,
पेपरमिलमध्ये वायरी ओढणारे हात,
एक वेढा, खालून वर, पुन्हा एक.
"आईने. जाळी विणायची ती.
बोटं गार असायची. ओरडायची फार."
नावाड्याने पैसे घेतले नाहीत.

पुढे गुहेत माझा मांत्रिक मेला,
ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

बाहेर उणे एकवीस.
राउनो गाडीची काच खरवडत होता,
फोन खांद्यात धरून:
"जेवलो गं. हो, टोपी आहे.
ऐक ना, ती गाठ..."