मान

आमच्या विदिनला, डॅन्यूबकाठी,
हो म्हणायचं तर मान आडवी हलते,
नाही म्हणायचं तर उभी.

सेगोव्हियाच्या बेकरीत पहिल्याच आठवड्यात
मालकाने विचारलं, दोब्रिन, मीठ घातलंस?
मी मान आडवी हलवली.
त्याने परत घातलं.
दोनशे पाव खारट.
पगारातून कापले तेव्हा मान खाली घातली.
ती दोन्हीकडे सारखीच.

मग शिकवत बसलो मानेला
आरशासमोर, दाढीचा फेस सुकेपर्यंत:
हो. हो. नाही. हो.

अठरा वर्षं झाली.
जीभ अजून अडखळते,
मान मात्र स्पॅनिश बोलते सफाईने.

या खेपेला आईने
दाराशी ठेवलेली बॅग पाहिली, म्हणाली,
राहतोस का अजून दोन दिवस?
मी मान हलवली, वर-खाली.
खरंच राहायचं होतं.

ती काही बोलली नाही.
भाजल्या मिरच्यांची बरणी
वर्तमानपत्रात गुंडाळू लागली,
घट्ट, वरून दोरा,
वाटेत सांडू नये म्हणून.

तोंडं होती आम्हाला, दोघांनाही.
बसला अजून चार तास होते.