डावीकडे

हर्णैच्या हवेत लोखंड टिकत नाही,
हे आधी मान्य कर, सुहैल, मग बोलू.
बिजागरी, सायकलची चेन, बर्फाच्या फॅक्टरीचं फाटक,
सगळं हळूहळू चहाच्या रंगाचं होतं.
तुझ्या काळ्या पेटीला खारा वारा काय सूट देणार?

माझा पीसी मी उघडतो.
बाबा इंजिनाचं हेड उघडतात तसा,
खाली पेपर पसरून, स्क्रू बशीत मोजून.
रॅमच्या कडेवर हिरवट बुरा धरतो,
तो खोडरबराने पुसतो.
पंख्यातून मांजराचे केस निघतात,
सुकटीचा वास निघत नाही.
ग्राफिक्स कार्ड चिपळूणहून आलं, सेकंडहँड,
एसटीच्या पार्सलात, हापूसच्या पेटीतल्या पेंढ्यात.
पॉवर सप्लाय दोनदा बदलला, मदरबोर्ड एकदा.
तू म्हणायचास, मग हा तोच पीसी कसा?
अरे, आमची 'हिराबाई' बघ.
निम्म्या फळ्या नव्या, इंजिन तिसरं,
बंदरावर कुणी विचारतं का, ही तीच का म्हणून?

तुझी पेटी मामूने कुवेतहून आणली,
ब्लँकेटात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी.
लावली की चालू.
ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही,
माझी तासभराची शिव्यांची पूजा नाही.
माझं अपडेट साठ टक्क्यांवर पोचेतो
तुझे दोन गोल झालेले असायचे.
पण आत मुंग्यांनी घर केलं तेव्हा?
सील तोडलं तर वॉरंटी जाईल म्हणालास,
आणि वॉरंटी कुवेतच्या दुकानाची.
मुंग्या आत, आपण बाहेर.
तुझ्या अम्माने शेजारी चिमूटभर साखर ठेवली,
की त्या बाहेर येतील.
आणखी आत गेल्या.

हिशेबही मांडला होता मी,
डिझेलच्या वहीच्या मागच्या पानावर:
तुझी एक डिस्क तेवढ्यात माझे सात गेम,
दिवाळीच्या सेलमध्ये नऊ.
शिवाय यावरच रुबिनाचे बारावीचे फॉर्म भरले,
बाबांची बिलं छापली, तुझा सीडीसीचा अर्जही.
तू वही उलटसुलट पाहिलीस आणि विचारलंस,
"यात खुर्च्या किती?"
"एक."
"मग दुसरा बसणार कुठे?"

यावर मी काय बोललो आठवत नाही.
बहुतेक फ्रेम रेटबद्दल काहीतरी.

वादळानंतर सतरा दिवस वीज नव्हती.
होडीची बॅटरी खांद्यावर घेऊन तुझ्या पडवीत आलो,
इन्व्हर्टर जोडला, टीव्ही लावला,
रोज अर्धा तास.
दोन कंट्रोलर, अकरा पोरं, एक चटई.
बाहेर कौलांचा ढीग, आत रुबिना सगळ्यांना हरवतेय,
भिंतीवर कोळशाने गोल मोजतेय.
माझ्या पीसीने ती बॅटरी
वीस मिनिटांत पिऊन टाकली असती.
तेव्हा कबूल केलं नाही.
आता करतो, लेखी.

जहाजावर जाताना पेटी घेऊन गेलास.
एक कंट्रोलर माझ्याकडे टाकलास,
"केबिनमध्ये एकच माणूस मावतो" म्हणत.
परवा केबल शोधली आणि पीसीला जोडला.
लगेच चालला!
बघ, माझ्याकडे तुझं चालतं,
तुझ्याकडे माझं चालेल का?
बिनतोड मुद्दा. दोन वर्षं शोधत होतो.
खोलीत मांजर होतं फक्त.

पण त्याची डावी काडी बिघडलीय.
हात न लावता माझा खेळाडू चालू लागतो,
सावकाश, डावीकडे,
बॉल सोडून, पंच सोडून, रेषेच्या पार,
आणि जाहिरातीच्या फळीला टेकून चालतच राहतो.
खार गेलाय आत, दुसरं काही नाही.
चार स्क्रू, स्पिरिटचा एक थेंब, दहा मिनिटांचं काम.
बशी काढून ठेवलीय.

आज नको.
आज पाजपंढरीच्या होडीचा गिअरबॉक्स द्यायचाय.