पाचवं चाक

म्वाकिओ म्हणाला, पाचवं चाक पुसून घे.
मी ट्रकला दोन फेऱ्या मारल्या,
चाकं मोजली, अठरा भरली,
पाचवं कुठलं धरायचं?
म्तितो अंदेईच्या उन्हात पोरं फिदीफिदी हसली.

ते चाक नव्हेच.
ग्रीसनं लडबडलेली लोखंडी थाळी, मध्ये खाच,
ट्रेलरचा किंगपिन तिच्यात शिरतो नि जबडा मिटतो.
"खट् वाजलं म्हणजे बसलं असं नसतं, स्योम्बुआ.
खाली वाक. बॅटरी मार. डोळ्यांनी बघ."

मग हवेचे पाइप, लाल नि पिवळा.
आणि ते उलटं गणित, जे तीन रात्री सुटेना:
पार्किंगचा ब्रेक हवेनं लागत नाही,
हवेनं सुटतो.
हवा गेली की आतली स्प्रिंग मोकळी होते
आणि चाळीस टन जागच्या जागी खिळतात.
त्या डब्याचा पट्टा कधी खोलायचा नाही.
का, म्हणून विचारलं
तर तो चहा ढवळत राहिला.
साखर कधीच विरघळली होती.

काल रात्री कंपालाचा टँकर आला.
इंजिन बंद झालं, आणि मला ऐकू आलं
सूं...
बारीक, शिट्टी फसल्यासारखं.
"कुठंय?" म्वाकिओनं पाइपाला कान लावला,
मग दुसरा लावला.
तीस वर्षांच्या डिझेलनं दोन्ही खाल्लेत.

मी साबणाचं पाणी आणलं, जोडावर ब्रश फिरवला.
बुडबुडा आला, फुगला, बोराएवढा झाला.
त्यानं चष्मा चढवला.
"हं, बघितलंस?" म्हणाला,
जसा काही तोच मला दाखवत होता.

बघितलं, म्हणाले मी.
आणि तेराचा पाना त्याच्या हातात दिला.