वाटून दिलेली चूक

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर
चर्चं पांढरी असतात, चुन्याने धुतलेली,
आणि आठवड्यातले सहा दिवस रिकामी.
ते सहा दिवस आमचे.

बाप ऑर्गनच्या पोटात शिरायचा,
कानामागे पेन्सिल, हातात पितळी शंकू,
आणि मी, नऊ वर्षांची इंगेलिसे,
बाकावर बसून एकच पट्टी दाबून धरायचे.
सोडायची नाही. गुणगुणायचं नाही.
नाक पुसायचं तर डाव्या हाताने.
"पुढची," आतून आवाज यायचा,
लाकडातून, शिशातून, चाळीस वर्षांच्या धुळीतून.
मला वाटायचं, देव असाच बोलत असणार:
थोडक्यात, आणि जरा वैतागून.

दोन सूर अगदी जवळ आले की भांडतात.
हवेत थरथर उठते, व्वंऽ व्वंऽ व्वंऽ,
मग वारा पडल्यावर दोराला डोलणाऱ्या होडीसारखी
लांबत, लांबत जाते
आणि थांबते.
तेवढ्यापुरता बाप शिडीवर डोळे मिटायचा.
मी फटीतून पाहिलंय.
रविवारवाल्यांनी त्याला तसं कधी पाहिलं नाही,
कारण रविवारी तो यायचाच नाही.

चौपन्नाव्या वर्षी त्याने पत्र लिहिलं:
माझं नाव सभासदांतून काढावं.
कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
आई आठवडाभर त्याच्याशी
फक्त बटाट्यांबद्दल बोलली.
पास्टर अल्फ्रिडाबाई सायकलवरून आल्या,
कॉफी प्याल्या, म्हणाल्या,
"आमचा ऑर्गन मात्र सुरात ठेवाल ना?"
"ऑर्गनने कुठे राजीनामा दिलाय?"

एकदा वर्कशॉपमध्ये त्याने दोन नळ्यांवर
षड्ज-पंचम लावून दाखवला, शुद्ध,
इतका, की दोन सूर आहेत हेच विसरायला व्हावं.
"मग चर्चमध्ये असाच का नाही लावत?"
"असे बाराही लावत गेलो, तर शेवटचा
पहिल्याशी जुळत नाही. लांडग्यासारखा ओरडतो.
म्हणून प्रत्येकातून चिमूटभर काढून घ्यायचं.
चूक सगळ्यांत वाटून द्यायची.
मग कुणालाही, कुठल्याही पट्टीत गाता येतं.
शुद्ध मात्र कुणालाच मिळत नाही."
"आणि हा?"
त्याने नळ्या फडक्यात गुंडाळल्या.
"हा घरी ठेवायचा."

फेब्रुवारीत तो गेला.
सभासद नाही, म्हणून घंटा नाही, प्रवचन नाही.
नियम छापील आहे, कुणाच्या वाईटावर नाही.
आम्ही सात जण, दोन फावडी, आणि समुद्राकडून येणारं
ते तिरकं, बारीक बर्फ.

सगळे पांगल्यावर अल्फ्रिडाबाई आल्या.
गळ्याभोवती चुणीदार पांढरी कॉलर नव्हती,
कोपरावर उसवलेला स्वेटर होता.
माझ्या हातात किल्ली देत म्हणाल्या,
"थंडीने सूर उतरलेत. कुणीतरी पाहायला हवं."

मी आत शिरले. त्याचा शंकू माझ्या खिशात होताच.
पट्टी कोण धरणार, एवढाच प्रश्न होता.
त्या बसल्या.
एका बोटाने. न गुणगुणता.

थरथर लांबत गेली, लांबत गेली,
अगदी थांबणार, त्याच्या जरासं आधी
मी हात काढून घेतला.

"पुढची," मी आतून म्हटलं,
थोडक्यात,
आणि बाहेर कुणीतरी नाक पुसलं.
डाव्या हाताने असावं.
सूर तुटला नाही.