हातचा

मार्चच्या चौदा तारखेला बँक
सहाशे पन्नास डॉलर कापून घेईल,
न्हाव्याने मानेवरचे केस काढावेत तसे,
कळायच्या आत.
म्हणून आज, अंगणातलं बर्फ उकरून झाल्यावर,
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी जमाखर्च मांडलाय.
स्पोकॅनमध्ये पाचलाच अंधार.
व्हर्ना समोर बटाटे सोलतेय. बघत नाही,
म्हणजे बघतेय.

जमेला:
हॉटेलचे दोनशे. पण त्यांनीच नेमलेल्या हॉटेलात,
दोन रात्री राहिलो तर,
आणि तिथली एक रात्र चारशेची.
टॅक्सीचे दरमहा पंधरा. महिना संपला की
दुधासारखे नासतात.
गेल्या महिन्यात मी हार्डवेअरच्या दुकानापर्यंत टॅक्सी केली,
नळाचा वॉशर आणायला.
वॉशर चाळीस सेंट.
ड्रायव्हरने विचारलं, गाडी बिघडली का तुमची?
म्हटलं, नाही, पंधरा डॉलर बिघडत होते.

बॅग हरवली तर भरपाई.
कधी हरवली नाही. एकदा वाटलं होतं, हरवावी.

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच,
फक्त आवळा कुणाचा, कोहळा कुणाचा
हे स्टेटमेंटवर छापत नाहीत.

बावीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या.
फार्गो, बिलिंग्ज, डलूथ. दोर, ब्रेक, दारांच्या फटी.
तिकीट कंपनीचं, पॉइंट माझे,
आणि मिनियापोलिसच्या लाउंजमध्ये सूप.
तिथे त्सेहाय होती. मी वाडगा पुढे करायच्या आधीच
म्हणायची, मिरपूड नाही ना?
बाहेर विमानांच्या पंखांवर नारिंगी फवारे उडत,
काचेवर वाफ धरे,
आणि घरापासून बाराशे मैलांवर
कुणाला तरी माझी मिरपूड ठाऊक असे.
हे कुठल्या रकान्यात लिहू?
शाळेत मिसेस टोफ्ट खडू आपटायच्या:
हातचा विसरलास, ऑरिन! पुन्हा हातचा विसरलास!

मग नोकरी संपली. कार्ड उरलं.

ऑक्टोबरात पॉइंटांवर दोघं निघालो,
व्हर्नाच्या बहिणीकडे, मॅडिसनला.
मध्ये तीन तास मिनियापोलिस.
लाउंजच्या दारात एक कोवळा मुलगा म्हणाला,
सर, तुम्ही या. मॅडमचे पन्नास पडतील.
पन्नास! व्हर्ना हसलीच.
मी घरून सँडविच आणलंय. तू जा,
तुझे भरलेत ना आधीच.
आणि मी गेलो.
हेच कुठे मांडता येत नाहीये.
मी गेलो.

त्सेहाय नव्हती. डेन्व्हरला गेली म्हणे, मुलीकडे.
सूप टोमॅटोचं, वर मिरपूड भुरभुरलेली.
दुधी काचेच्या पट्टीखालून
व्हर्नाचे तपकिरी बूट दिसत होते,
एकावर एक ठेवलेले.
मी फुकटचं घाईघाईने गिळत होतो, जीभ पोळत.
बाहेर आलो तर अर्धं सँडविच
कागदात गुंडाळून ठेवलेलं, माझ्या वाट्याचं.
कसं होतं सूप?
बरं होतं, म्हटलं.

आज दुपारी बँकेला फोन लावला, बंद करा म्हणून.
मुलीचा आवाज गोड, त्यामागे आणखी वीस आवाज.
मिस्टर हालवर्सन, तुम्ही आमचे जुने.
दीडशे परत देतो, राहा की.
राहा की!
बावीस वर्षांत कंपनीच्या तोंडून हे निघालं नव्हतं.
विचार करून सांगतो, म्हणालो,
आणि दीडशे जमेला धरले.

कार्ड पोलादी आहे. कात्री चालत नाही,
मोडायचं तर परत पाठवायला ते वेगळं पाकीट देतात.
व्हर्नाने उचललं, हातावर तोललं,
त्याच्या कोपऱ्याने एका बटाट्याचा डोळा काढला.
मग दुसऱ्याचा.
चांगलं चालतंय की, म्हणाली.

बिलाची पाठ भरत आली.
खर्चाच्या बाजूला, अगदी तळाशी,
मी पन्नास डॉलर लिहिलेत,
जे दिलेच नाहीत.