पत्र्याचे आकडे

शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या.
मी फळ्यामागे शिडीवर,
काखेत आकड्यांचे पत्रे, दातांत तार.
भाताची गिरणी रविवारीही चालू,
तुसाचा वास थेट खेळपट्टीपर्यंत.
भोजनारायणनं डोळे मिटून बॅट फिरवली
(मिटले होते, हे त्यानंच नंतर सांगितलं)
आणि चेंडू नारळांच्या रांगेकडे सुटला.

ओरिन अडोनिस धावला.
पोमरून नदीच्या वरच्या अंगाचा,
बोटवाल्यांना डिझेल विकणारा, चाळिशी उलटलेला.
दोरीपाशी त्यानं अंग झोकून दिलं,
अडवला, फेकला.
दोन झाल्या. तिसरीला आमचा गडी बाद.
एका धावेनं गेलो.
महादई मावशीनं ताशावाल्या पोराच्या
काठ्या वरच्यावर धरल्या.
बोटीनं आलेली वीस-बावीस माणसं
एकमेकांच्या पाठीवर चढून नाचत होती.

मग ओरिन उठला.
गुडघ्यावरचं गवत झाडलं
आणि पंचाकडे निघाला, सावकाश,
दुकानदाराला जास्तीचे आलेले सुटे
परत द्यायला जावं तसा.
"टाच दोरीला लागली माझी."
पंच म्हणाला, नक्की?
त्यानं स्वतःच हात हलवून
चौकाराची खूण केली.

मी आकडे बदलले. १६२.
त्यांचे १६१.
टाळी वाजायला वेळ लागला.
आधी कुणीतरी खोकलं.

करंडक आम्हाला मिळाला, दोन्ही कानांना धरून उचलला,
फोटो निघाले.
हरलेले तंबूच्या मेखा उपटायला
आपण होऊन आले.
त्यांच्या कप्तानानं, म्हाताऱ्या क्लॉडियस बेंजामिननं,
भोजनारायणच्या आईला वाकून हात दिला:
"मुलगा शेवटपर्यंत उभा राहिला हो."
मावशीनं कमळाच्या पानांत भात आणि सात भाज्या बांधल्या,
एकेकाच्या हातात दिल्या, भांडल्यासारख्या.
धक्क्यावर ओरिननं मला विचारलं,
"सुईदोरा मिळेल का? पँट फाटली,
बायको विचारेल."
मी दिला. बोट गेली.
परत मागायचं सुचलं नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले.
रमच्या दुकानात अजून तोच चेंडू पडतो.
टोटाराम म्हणतो, काय माणसं राव.
सुकराज म्हणतो, टाच वीतभर लांब होती,
मी पाहिलं, उगीच मोठेपणा केला त्यानं.
त्यावर कुणी सुकराजला गप्प करतं,
कुणी त्याच्यासाठी अजून एक मागवतं.
पुढच्या वर्षी आपणही असंच वागायचं,
असं ठरतं. ठरवायला काय जातं.

मी त्यात बोलत नाही.
मला चौदावं षटक आठवतं.
तेव्हा फलंदाजी त्यांची होती,
चेंडू माझ्या फळ्याखाली आला होता
आणि टोटारामनं तो अडवला होता, सुरेख,
डावा बूट दोरीवर रोवून.
दोरी दबलेली मी पाहिली.
मी पाहतोय, हे त्यानं पाहिलं.
पंच लांब होता. उन्हाची तिरीप होती.
त्यांनी दोन पळून काढल्या,
मी दोनच लावल्या.
माझं काम काय, पंच सांगेल ते टांगायचं.
असं मी शिडीवर म्हणालो होतो,
स्वतःशीच, पण मोठ्यानं.

१६३ हवे होते त्यांचे.
हा हिशेब मी कुठे लिहिलेला नाही.
तिनाचा पत्रा वाऱ्यानं हलला
की वाजतो, एवढंच.

काल संध्याकाळी मैदानाची दोरी काढायला
टोटाराम आणि मी, दोघंच होतो.
तो त्या टोकाकडून गुंडाळत आला,
मी या टोकाकडून.
मध्ये भेटलो. म्हणाला, "पलीकडे जायचं का एकदा?
म्हणजे, असंच. बोट मिळते शनिवारी."
मी म्हटलं, "डिझेलही मिळतं तिकडे."
तो हसला नाही, मीही नाही.
दोरी दोघांनी खांद्यावर घेतली.
चिखल पिऊन जड झाली होती.